बॅट दुपारी जड का होते

१ मार्च, रविवार

आज तीन धावा. त्यातल्या दोन खरं तर पॅडला लागून गेल्या होत्या, पण पंचांनी लेगबायसाठी गुडघ्याला हात लावला नाही म्हणून माझ्या नावावर जमा झाल्या. चौथ्या चेंडूवर दांडी गुल. चेंडू सरळ होता, मी सरळच खेळले, फक्त बॅट उशिरा आली. ती आली तेव्हा बेल्स जमिनीवर पडलेल्या होत्या आणि मी रिकाम्या हवेत एक अतिशय देखणा फटका मारला.

बॅट जड झाली आहे. हे मी परत येऊन मोठ्याने म्हटलं तर सगळ्या हसल्या. हसायचं काय कारण? मी वजनकाटे तपासणारी बाई. दुकानादुकानांतून फिरायचं, काटा खरं बोलतो की खोटं ते बघायचं, खरं बोलला तर शिक्का मारायचा, खोटं बोलला तर दुकानदाराची बोलणी खायची, यात माझी बावीस वर्षं गेली. वजनाच्या बाबतीत तरी मला कुणी शहाणपण शिकवू नये.

कॅप्टन शाळेत खेळाची शिक्षिका आहे, बोलतेही शिट्टी फुंकल्यासारखी. "एकोणतीसला फायनल. त्याआधी दोन सामने. दोन्हीत बघते. नाही जमलं तर सलामीला नवी जाईल." नवी म्हणजे यंदा संघात आलेली मुलगी. नाव आहे तिला, पण आमच्याकडे पहिल्या वर्षी ते कुणी वापरत नाही.

सलामी म्हणजे काय ते कॅप्टनला काय कळणार, ती सातव्या नंबरवर येते. मी आणि माझी नणंद गेली एकोणीस वर्षं सलामीला जातो. आधी आम्ही जोडीदार होतो, नणंद-भावजय नंतर झालो. तिनेच मला आपल्या भावाच्या गळ्यात बांधलं. का, तर "एवढी धावणारी जोडीदार परक्याच्या घरी कशी जाऊ द्यायची?" तेव्हापासून ती मला वहिनी म्हणते, मी तिला चिडवायला वन्सं म्हणते, आणि दोघी एकमेकींना अगं-तुगंच करतो. दुसऱ्या कुणाबरोबर मैदानात उतरायचं म्हटलं तर माझे पाय कुठे पडतील मला सांगता येणार नाही.

पण खरं लिहायचं तर वन्संना हल्ली हाव सुटली आहे. फिरकीच्या षटकाचा शेवटचा चेंडू आला की हमखास एक धाव चोरते, म्हणजे पुढचं जलद षटक पुन्हा हिलाच. जलद गोलंदाजीचं सगळं श्रीखंड ही खाणार, आणि मी फिरकीवाल्या मावश्यांचं ताक पीत बसणार. मागच्या हंगामापासून हेच चाललंय. आज विचारलं तर म्हणते, "असं होतं का? लक्षात नाही गं आलं."

२ मार्च, सोमवार

बॅट कचेरीत नेली. जेवणाच्या सुट्टीत प्रमाण काट्यावर ठेवली. अकराशे चाळीस ग्रॅम. तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हाही मी इथेच तोलली होती, तेव्हाही अकराशे चाळीस. म्हणजे बॅट निर्दोष.

संध्याकाळी वन्संच्या घरी जाऊन तिची बॅट मागून आणली आणि घरच्या काट्यावर ठेवली. अकराशे नव्वद! पन्नास ग्रॅम जास्त. आणि हातात घेतली तर माझ्या बॅटीपेक्षा हलकी. काटा सपाट जागी आहे ना पाहिलं, पुन्हा तोलली, हात बदलून उचलली, डोळे मिटून उचलली. काटा म्हणतो जड, हात म्हणतो हलकी. नवऱ्याला बोलावलं. त्याची बेकरी आहे, कणकेचा गोळा हातावर घेऊन वजन सांगतो आणि बहुतेक वेळा पाच-सात ग्रॅमनी चुकतो. त्यानेही वन्संचीच बॅट हलकी ठरवली.

एवढ्या वर्षांत मला कधी काट्याचा राग आला नव्हता. आज आला.

५ मार्च, गुरुवार

बॅटवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने बाहेरून बोलायचं, एवढंच. भिंतीवर बॅटी, जमिनीवर भुसा, आणि मालकाचं तोंड सतत चालू.

"ताई, काटा बॅट आडवी झोपलेली असताना तोलतो. तुम्ही काय तिला झोपवून खेळता?" असं म्हणून त्याने माझी बॅट एका बोटावर आडवी ठेवून तिचा तोल शोधला. मग वन्संची. माझ्या बॅटीचा तोल खाली, पात्याच्या पोटाकडे. वन्संच्या बॅटीचा चार बोटं वर, दांड्याकडे. वजन हातापासून जितकं लांब, तितकं ते फिरवताना हाताला जड. याला ते लोक पिकअप म्हणतात. इतकी साधी गोष्ट! तराजूची दांडी रोज बघते मी, आणि हे डोक्यात आलं नाही.

पुढचा तर जादूचाच प्रयोग. त्याने दांड्यावर आणखी एक रबरी ग्रिप चढवली. "घ्या, हलकी केली." उचलली तर खरंच हलकी. "पण वजन तर वाढलं असेल," मी म्हटलं. "वाढेल कसं? हलकी झाली ना?" मी पिशवीतून माझा छोटा काटा काढला. अकराशे त्र्याऐंशी. त्याने काट्याकडे पाहिलं आणि मला समजावलं की काटा बिघडला आहे.

घरी येताना बॅट खांद्यावर टाकून गाणं म्हणत आले. वजन वाढवलं तर हलकं लागतं, या एका गोष्टीवर मी महिनाभर खूष राहू शकते.

८ मार्च, रविवार

एकतीस धावा! सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, वारा गार होता, आणि बॅट हातात पिसासारखी. एक कव्हर ड्राइव्ह असा बसला की क्षेत्ररक्षकबाईंनी वाकायचेही कष्ट घेतले नाहीत. हे सगळं त्या दुसऱ्या ग्रिपचं पुण्य.

कॅप्टन म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच.

वन्सं माझ्यापेक्षा जास्त आनंदात होती. षटक संपलं की मधे येऊन "बघ, काही झालं का? काही नाही झालं," असं तीनदा म्हणाली. काय व्हायचं होतं, ते तिलाच ठाऊक.

११ मार्च, बुधवार

कचेरीत प्रयोग केला. बिस्किटांचा मोठा डबा आणि औषधाची छोटी डबी, दोन्हींत वाळू भरून बरोबर पाचशे-पाचशे ग्रॅम केले. मग सगळ्यांना एकेक करून उचलायला लावले. साहेबांपासून शिपायापर्यंत एकजात सगळे म्हणाले, छोटी डबी जड. काट्यावर ठेवून दाखवलं तरी पुन्हा उचलून तेच म्हणाले. मीसुद्धा! मी स्वतः वाळू भरलेली, आणि मलाही छोटीच जड लागली.

मग डोळे बांधून, दोऱ्याला टांगून उचलायला दिले. दोन्ही सारखे.

म्हणजे हात उचलायच्या आधी डोळे वजन ठरवून मोकळे होतात. मोठा डबा दिसला की हात जास्त जोर घेऊन जातो आणि डबा हलका लागतो. आपण डोळ्यांनीही वजन उचलतो, हे वाक्य मला फार आवडलं आहे, कुठेतरी वापरलं पाहिजे. साहेबांनी विचारलं, कामं संपली का.

१५ मार्च, रविवार

दोन धावा. काय लिहू?

ऊन असं होतं की खेळपट्टी पांढरी फटक दिसत होती. तीच बॅट, तीच ग्रिप, तेच अकराशे त्र्याऐंशी ग्रॅम, आणि हातात जणू पहार. त्यात वन्संनी पुन्हा तेच सुरू केलं. सलग तीन जलद षटकं एकटीने खेळली. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून वाळले. शेवटी मधे जाऊन तिला फाडकन म्हटलं, "माझ्या वाट्याचे चेंडू तू का खातेस? कॅप्टन माझ्याकडे बघत्येय आणि तू मला खेळूच देत नाहीस. माझी जागा गेली तर तुला नवीबरोबर खेळायचंय का?"

ती म्हणाली, "गळ्याचं हाड दुखतं का अजून?" मागच्या हंगामात तिथे चेंडू बसला होता. हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, विषय बदलू नकोस.

"बरं. पुढचं षटक तू घे."

घेतलं. दुसऱ्या चेंडूवर त्रिफळा. परत चालताना मागे वळून पाहिलं तर वन्सं बॅटीवर दोन्ही हात ठेवून खाली मान घालून उभी. जिंकून दाखवलंस ना, असं मनात म्हटलं मी. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. गर्व, दुसरं काय.

कॅप्टनने अजून काही सांगितलेलं नाही. न सांगणं तिच्या स्वभावात नाही, म्हणून जास्त भीती वाटते.

१७ मार्च, मंगळवार

रागाने काही सिद्ध होत नाही. जे माहीत आहे ते मांडते. ढगाळ दिवशी बॅट हलकी, उन्हात जड. तेव्हा उन्हाने लाकडाला काहीतरी होत असणार.

सकाळी तोलली, मग गच्चीत दुपारभर उन्हात ठेवून तोलली. उन्हात ती दोन ग्रॅम हलकी झाली! वाळली असणार. म्हणजे जिथे जड व्हायला हवी तिथे हलकी. माझा सिद्धांत तोंडावर आपटला. तरी मजा वाटली. चुकीचं उत्तर इतक्या स्वच्छपणे चुकीचं निघालं की निम्मं काम होतं.

१९ मार्च, गुरुवार

बाजारात सोळा काटे तपासले. ही नव्या काट्यांची आकड्यांची पाटी उन्हात काही वाचता येत नाही, कंपन्या कसला माल काढतात कोण जाणे. छत्री धरून वाचावे लागले. भाजीवाली म्हणाली, "आम्हाला तर दिसतं बाई." त्यांना सवय असते.

२१ मार्च, शनिवार

नवऱ्याची भट्टी दुपारी बंद असते, म्हणून त्याला मैदानावर ओढून नेलं. तो चेंडू टाकणार, मी खेळणार, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. त्याला गोलंदाजी येत नाही, पण पाव भट्टीत सरकवल्यासारखा अगदी एका मापाने टाकतो, प्रयोगाला तसंच हवं.

भर उन्हात, लाल चेंडू: बॅट जड. शेडच्या सावलीत, लाल चेंडू: बॅट हलकी. उन्हातच, पण पिवळा टेनिसचा चेंडू: हलकी. मी म्हटलं, टेनिसचा चेंडू वजनाला कमी, म्हणून असेल. मग त्याने रंगाच्या डब्यातून उरलेला पिवळा रंग आणून लाल चेंडूच रंगवला. वजन तेच. बॅट हलकी! हसू यायला लागलं मला. चेंडूचा रंग बदलला की बॅटचं वजन बदलतं, हे कचेरीत सांगितलं तर माझाच काटा तपासतील.

मग त्याने आपली रुंद काठाची टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. लाल चेंडू, भर ऊन. हलकी.

"टोपी बॅटीला घातली की तुला?" तो म्हणाला.

मी हसले आणि हसता हसता थांबले. सावली, रंग, टोपी. यातलं काहीच बॅटीला लागत नव्हतं. सगळं मला लागत होतं.

टोपी काढली. उजव्या डोळ्यावर हात ठेवला. तो तिथे वीस पावलांवर उभा होता आणि मला त्याच्या जागी उन्हाचा एक फुगा दिसला, मधे काहीतरी करडं. चेंडू टाक म्हटलं. तो म्हणाला, "टाकला की." चेंडू माझ्या पायाशी पडलेला होता.

२३ मार्च, सोमवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. मी उजव्या हाताने खेळते, म्हणजे गोलंदाजाकडे असतो तो डावाच.

डॉक्टर माझ्यापेक्षा बरीच लहान. मी म्हटलं, अहो, माझ्या आजीला झाला तेव्हा ती ऐंशीची होती, मी शेहेचाळीसची आहे. तिने विचारलं, दम्याच्या गोळ्या किती वर्षं? लहानपणापासून, अधूनमधून. त्यातल्या स्टिरॉइडमुळे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, म्हणाली. आणि माझा डाग नेमका मधोमध आहे. उन्हात बाहुली बारीक होते आणि सगळं त्या डागातूनच बघावं लागतं. सावलीत ती मोठी होते, मग कडेने दिसतं. किती दिवसांचा असेल? दीड-दोन वर्षं तरी.

मी तिला बॅटीचं विचारलं. तिने डोळ्यांचं सांगितलं आणि मी बाकीचं जोडलं. चेंडू मला उशिरा दिसायचा. उरलेल्या वेळात तीच बॅट तेवढीच फिरवायची म्हणजे हिसका द्यायला लागणार, आणि हिसका द्यावा लागला की हाताला वाटतं वस्तू जड आहे. हात खोटं बोलत नव्हता. त्याला वेळ कमी मिळत होता आणि वेळ मोजायला त्याच्याकडे वजनाशिवाय दुसरं माप नव्हतं.

हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं! दवाखान्याच्या बाकावर बसून खुशीत होते मी. मग नर्स ऑपरेशनची तारीख विचारायला आली. डावा डोळा आधी, पुढच्या सोमवारी, म्हणजे तीस तारखेला. फायनलच्या दुसऱ्या दिवशी. मग मात्र खुशी संपली.

२४ मार्च, मंगळवार

वन्संकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. उन्हाचं, टोपीचं, डागाचं. ऐकता ऐकता तिच्या हातातली चादर बादलीत परत गेली.

"डोळे?" ती म्हणाली. "डोळे होते?"

"मग तुला काय वाटलं?"

तिने चादर पुन्हा पिळली. मग बादलीकडे बघतच म्हणाली, "मला वाटलं तू घाबरायला लागलीस."

"मी?"

"हाडावर चेंडू बसला ना तुझ्या, त्यानंतर. जलद चेंडू आला की तुझी बॅट उशिरा यायची, मान वळायची. मी म्हटलं, बसली हिच्या मनात भीती. पण तुला कसं सांगू? तुला घाबरट म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी बॅट माळ्यावर टाकली असतीस. मग मी ठरवलं, जलद षटकं आपणच घ्यायची. हळूहळू जाईल भीती."

मला आधी प्रचंड राग आला. एकोणीस वर्षं जिच्यासमोर छातीवर चेंडू झेलले तिने मला भित्री समजावं! तोंडात आलं ते बोलले. मागच्या हंगामापासून मी तुला हावरट समजत होते, तेसुद्धा बोलले. तीही चिडली. "हावरट? मला ती जलद गोलंदाजी आवडते असं वाटतं तुला? माझ्या बरगड्या बघायच्यात?" आणि खरंच सदरा वर करून दाखवला. डाव्या अंगाला दोन पिवळे पडलेले डाग होते, एक निळा.

मग मी रडले. ती म्हणाली, रडू नकोस, डोळ्यांना बरं नाही. त्यावर दोघी हसलो, पण मला ते डाग डोळ्यांपुढून जात नाहीत. माझ्या वाट्याचे चेंडू होते ते.

२७ मार्च, शुक्रवार

रविवारी दिवसभर ढगाळ, असा अंदाज आहे. सकाळपासून चार वेळा पाहिला.

ढगात मी खेळू शकते. एकतीस काढल्या होत्या. डोळ्यांचं फक्त वन्संना आणि नवऱ्याला माहीत आहे. कॅप्टनने काल विचारलं, "तयार?" म्हणजे नवीला आणायचं तिचंही अजून ठरलेलं नाही. एक सामना. त्यानंतर ऑपरेशन, मग कित्येक महिने मैदान नाही, आणि पुढच्या हंगामात माझी जागा राहील की नाही कोण सांगणार? मला हा सामना हवा आहे. इतकी एखादी गोष्ट हवी असल्याचं मला आठवत नाही.

वन्संला फोन केला. ती एका क्षणात म्हणाली, "ये. मी आहे ना. तोफेची षटकं मी बघते." तोफ म्हणजे समोरच्या संघाची जलद गोलंदाज, तिला सगळे तोफच म्हणतात.

मला नेमकं तेच ऐकायचं होतं, आणि ऐकलं तेव्हा त्या बरगड्या आठवल्या.

२८ मार्च, शनिवार

कॅप्टनला सांगून टाकलं. काटा चुकतोय हे कळल्यावर त्यावर शिक्का मारत नाही मी, दुकानदार कितीही ओळखीचा असो. ऊन आलं आणि माझ्यामुळे वन्सं पुन्हा चेंडू अंगावर घेत राहिली, तर ते मला चालणार नाही. कॅप्टन ऐकून घेऊन म्हणाली, "दोन वर्षं अशी खेळलीस? वेडी आहेस का?" आणि खांद्यावर हात ठेवला. तिच्याकडून मी हे कधी पाहिलं नव्हतं.

वन्संला कळवलं. तिने फोन ठेवून दिला.

२९ मार्च, रविवार

अंदाजाप्रमाणे पूर्ण ढगाळ. मला सगळं दिसत होतं. ढगांना थोडी लाज वाटायला हवी होती.

आमची पहिली फलंदाजी. वन्सं आणि नवी पायऱ्या उतरून गेल्या. मी बाकावर बसून हात मांडीखाली दाबून धरले, कारण ते आपोआप ग्लोव्ह्ज शोधत होते. पहिलं षटक तोफेचं. वन्संनी खेळून काढलं, एकही धाव नाही. दुसरं फिरकीचं. नवीने दुसऱ्याच चेंडूवर चौकार मारला, चौथ्यावर एक धाव. मुलगी छान खेळते. चेंडू हातातून सुटायच्या आधीच तिचे पाय हलायला लागतात. तिला कुणी सांभाळायची काही गरज नव्हती.

सहावा चेंडू वन्संला. तिने तो मिडऑनकडे ढकलला, आणि मिडऑनवाली तिथे उभीच होती, चेंडू जवळजवळ तिच्या हातातच गेला. वन्सं ओरडली, "चल!" आणि निघाली. नवी ओरडली, "नाही! मागे जा!" वन्सं अर्ध्या खेळपट्टीवर होती. तिथे ती थांबली. यष्ट्यांकडे पाहिलं नाही, चेंडूकडे पाहिलं नाही, नवीच्या तोंडाकडे पाहिलं, ओळखीच्या घराचं दार वाजवल्यावर भलत्यानेच उघडावं तसं. तोवर बेल्स पडल्या होत्या. धावबाद, शून्य.

"षटकाच्या शेवटच्या चेंडूवर?" कॅप्टन किंचाळली. "सरळ हातात? कशाची घाई होती हिला?" कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

वन्सं येऊन माझ्या शेजारी बसली. हेल्मेट काढलं. बॅट माझ्या मांडीवर टाकली.

"बोल," ती म्हणाली. "हावरट म्हण."

"ती तोफेला खेळू शकते, वन्सं. तिला दिसतं."

"माहीत आहे. डोक्याला माहीत आहे. सहावा चेंडू आला आणि पाय निघाले. त्यांना कुणी सांगितलंच नाही तू नाहीयेस म्हणून." मग डोळे पुसत म्हणाली, "सकाळपासून बॅट उचलत नव्हती बघ. एवढी जड कधी लागली नव्हती."

मी काही समजावून सांगितलं नाही. या वजनाबद्दल मला काही माहिती नाही. तिचा हात धरून बसले. मला तिच्यावर इतकं प्रेम आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ती म्हणाली, लोक बघतायत.

सामना आम्ही जिंकलो. नवीने शेवटपर्यंत राहून बावन्न काढल्या आणि सगळ्यांनी तिला उचलून घेतलं. आम्ही दोघी बाकावरच होतो.

"उद्या दवाखान्यात मी येते," वन्सं म्हणाली. "दादाचं काही खरं नाही, तो सुई पाहूनच पडेल."

"पुढच्या हंगामात तोफेचं पहिलं षटक मी घेणार," मी म्हटलं.

"घे."

"सगळंच्या सगळं. अंगावर आले तर अंगावर."

"घे म्हटलं ना."

तिने पॅड्स पिशवीत भरले, चेन लावली, तरी उठली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण शेवटच्या चेंडूला मी हाक मारली, तर ये हं."

येईन म्हटलं.